परत फिरण्याचा हक्क



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढची शाळा म्हणजे फौंड्रीची भट्टी, युनियनची कचेरी आणि आपल्या गावचे वाचनालय. चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही महागाईभत्त्यावर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. बर्फाने झाकलेल्या ज्वालामुखींवर गिऱ्हाइकांना घेऊन जाणाऱ्या वाटाड्यांविषयी बोलावयाचे आहे, असे आम्ही सांगताच ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. आमच्या एका कार्यकर्त्याने तर विचारले, "तिथं आपली युनियन काढायची आहे की काय?" युनियन काढावयाची नाही, पण त्या वाटाड्यांकडून एक धडा घ्यावयाचा आहे, आणि तो आम्ही फार उशिरा घेतला. कसा, ते ओघाने येईलच.

प्रथम हा प्रकार काय आहे ते सांगतो. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर अशी कॅस्केड नावाची डोंगररांग आहे. तिच्यात ज्वालामुखींची एक माळच आहे. बेकर ३,२८६ मीटर, रेनियर ४,३९२, ॲडम्स ३,७४३, हूड ३,४२९. आपल्या कळसूबाईवर दुसरी कळसूबाई उभी केली म्हणजे जवळजवळ बेकर होतो. आपण ज्या काळ्या पाषाणावर बसलो आहोत तोही ज्वालामुखीचाच. पण आपला लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिला, थरावर थर पसरला, आणि म्हणून सह्याद्रीला पायऱ्या आहेत. तिकडचे पर्वत लाव्हा आणि राख यांच्या राशींनी रचलेले, शंकूसारखे आणि वयाने कोवळे आहेत. त्यांच्या पोटातला विस्तव विझलेला नाही. १८ मे १९८० रोजी सेंट हेलेन्स फुटला, ५७ माणसे गेली, आणि २,९५० मीटरांचा तो पर्वत २,५४९ मीटरांचा झाला.

पोटात विस्तव आणि अंगावर बर्फ, अशी त्या पर्वतांची तऱ्हा. समुद्रावरून येणारे ओले वारे तेथे इतके बर्फ टाकतात की १९९८–९९ च्या हंगामात बेकरजवळच्या स्कीच्या मैदानावर जवळजवळ २९ मीटर हिमवर्षाव मोजला गेला. नऊदहा मजल्यांच्या इमारतीएवढी ही उंची. जगात एका हंगामात मोजलेला तो सर्वांत मोठा हिमवर्षाव होय.

या बर्फावरून लोक पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून घसरत उतरतात. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात. जेथे पाळणे आहेत तेथे यंत्राने वर जावयाचे आणि घसरत खाली यावयाचे. तो श्रीमंतांचा बाजार झाला. आम्ही सांगतो तो प्रकार निराळा. येथे पाळणा नाही, वाट नाही, कुंपण नाही. आपल्याच पायांनी चढावयाचे. त्यासाठी स्कीच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवतात. पूर्वी तो सील प्राण्याच्या कातड्याचा असे, आता नायलॉनचा किंवा मोहेर लोकरीचा असतो. मांजराच्या पाठीवरून हात शेपटीकडे नेला तर सरकतो आणि उलट नेला तर अडतो, तसे त्या केसांचे काम. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना बुटाची टाच मोकळी असते. माथ्यावर पोचले की पट्टा काढून खिशात घालावयाचा, टाच अडकवावयाची आणि उतरावयाचे. सहा-सात तास चढावे, आणि तास-दीड तासात खाली यावे, असा हा व्यवहार.

आता हे आम्हांला कोणी सांगितले? आमच्या फौंड्रीत आमच्याबरोबर एक मोल्डर होते. त्यांचा मुलगा शिकला, इंजिनियर झाला आणि सिएटलला नोकरीस लागला. गेल्या दिवाळीत तो घरी आला होता. फराळाला बोलावले म्हणून आम्ही गेलो, तर मुलगा रागावलेला. आदल्या मे महिन्यात तो बेकरवर गेला होता. एका कंपनीकडे पैसे भरले होते, रजा खर्च केली होती, महिनामहिना सराव केला होता. चार गिऱ्हाइके आणि दोन वाटाडे. रात्री तीनला निघून सकाळी आठच्या सुमारास ते 'रोमन वॉल' नावाच्या शेवटच्या उभ्या चढणीच्या पायथ्याशी आले. शिखर तीनशे-साडेतीनशे मीटर उरले होते. मुख्य वाटाड्याने काठी बर्फात खुपसली, पाय रोवून पाहिला, दुसऱ्याशी दोन शब्द बोलला आणि म्हणाला, परत फिरावयाचे.

"काका, आभाळ उघडलं होतं. वारा नव्हता. पैसे मोजून गेलो होतो आम्ही. आणि तो माणूस म्हणतो, परत!" मुलगा सांगत होता.

आम्ही त्याला विचारले, "रात्री आभाळ होतं का?"

तो थांबला. म्हणाला, "रात्रभर ढग होते. पहाटे विरले."

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. वसंत ऋतूत त्या पर्वतांवरचे बर्फ दिवसा वितळते आणि रात्री गोठते. असे पुष्कळ दिवस झाले की त्याचे जाड कण बनतात. तिकडे त्याला मक्याच्या दाण्यांची उपमा देतात. रात्री ते दगडासारखे घट्ट होते. सकाळी ऊन लागून वरचा बोटभर थर सैल होतो, तेव्हा स्की सुरेख चालते. आणखी दोन तासांनी त्याचा चिखल होतो आणि उतारच्या उतार घसरून येतो. म्हणजे तेथे मालक कोण? घड्याळ. आधी पूर्वेचा उतार सैल होतो, मग दक्षिणेचा, मग पश्चिमेचा. वाटाडा या हिशेबाने वेळ बांधतो.

पण हा सारा हिशेब रात्री बर्फ गोठले तर. निरभ्र रात्री बर्फाची उष्णता आकाशाकडे निघून जाते. ढग असले तर गोधडीसारखे ते ती अडवितात. बर्फ गोठत नाही. मग वरून पांढरे, स्वच्छ दिसणारे बर्फ आतून सैल राहते. हिमनदीत खोल भेगा असतात आणि त्यांच्यावर बर्फाचे पूल असतात; तेही कच्चे राहतात. उन्हाचा ताप वाढण्यापूर्वी वर जाऊन परत यावयाचे, तर आता पायाखालचीच जमीन भरवशाची नाही. त्या वाटाड्याने काठी खुपसून पाहिले ते हेच. त्याला आभाळ निळे दिसत नव्हते असे नाही. पण त्याने निर्णय पायाखालचे पाहून घेतला.

आणखी धोके आहेत. उतार साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला म्हणजे हिमस्खलनाचे भय सर्वांत अधिक. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर संदेश देणारे एक छोटे यंत्र, पाठीवर फावडे आणि शोधाची लांब काठी असते. निघताना वाटाडा प्रत्येकाचे यंत्र तपासतो. का? बर्फाखाली गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. अर्धा तास लोटला की वाचणारे थोडेच. एवढ्या वेळात खालून कोणी येऊ शकत नाही. जे बरोबर आहेत तेच एकमेकांचे रक्षक. कामगारांच्या सभेत आम्ही तीस वर्षे जे सांगत आलो, ते त्या बर्फाने मिनिटांच्या हिशेबात मांडून ठेवले आहे.

दुसरा धोका शंकूच्या आकाराचा. माथ्यावर धुके उतरले की सगळ्या दिशा सारख्या. वरून दहा अंश चुकून निघालात, तर पाच किलोमीटर खाली आल्यावर जवळजवळ नऊशे मीटर बाजूला जाता, आणि शंकूवर तेवढ्याने दुसरेच खोरे लागते. हूड पर्वतावर तर सरळ उताराच्या मागे गेलेला माणूस मुक्कामाकडे येतच नाही, पश्चिमेकडच्या दऱ्यांत उतरतो. उतार सोपा दिसतो म्हणून तो घरी नेतो असे नाही, हे चळवळीतल्या माणसांनी विशेष ध्यानात ठेवावे!

तिसरा धोका पोटातल्या विस्तवाचा. जमिनीतून वाफा आणि वायू निघतात, त्यांच्या ऊबेने बर्फ आतून पोखरते आणि वर पातळ छप्पर राहते. हीच ऊब कधी तारतेही. १८७० साली हॅझर्ड स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रम्प हे दोघे रेनियरच्या माथ्यावर पोचले तेव्हा रात्र झाली. विवरातल्या वाफेने कोरलेल्या बर्फाच्या गुहेत बसून ते वाचले. त्यांना बर्फाच्या सीमेपर्यंत वाट दाखविणारा स्लुइस्किन हा तेथला मूळ रहिवासी. वर जाऊ नका म्हणून त्याने त्यांची विनवणी केली होती. ते गेले, आणि सुदैवाने परत आले. पराक्रमाच्या पुस्तकात वर गेलेल्यांची नावे मोठी असतात. नको म्हणणारा कडेला राहतो.

कॅलिफोर्नियातल्या मॅमथ या ज्वालामुखी डोंगरावर ६ एप्रिल २००६ रोजी काय झाले ते ऐका. तेथे स्कीच्या मैदानाची गस्त घालणारे नोकर होते. अशाच एका वाफेच्या भोकाभोवती ते कुंपण घालीत होते, कोणी आत पडू नये म्हणून. बर्फाचे छप्पर कोसळले, दोघे आत पडले. आत कार्बन डायऑक्साइड साचलेला. त्यांना काढावयास उतरलेल्यांपैकी आणखी एक गेला. तीन कामगार मेले. गिऱ्हाईक पडू नये म्हणून जो कुंपण घालतो, त्याच्याभोवती कुंपण कोणी घालावयाचे? हा प्रश्न अमेरिकेतला आहे, आणि आपल्या गावच्या गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचाही आहे. तेथेही पहिला गुदमरतो आणि दुसरा त्याला काढावयास जाऊन मरतो.

आता वाटाड्यांच्या संघटनेकडे वळू. कारण तो आमचा प्रांत. फ्रान्समधले शामोनी हे माँ ब्लां पर्वताच्या पायथ्याचे गाव. तो पर्वत ज्वालामुखी नव्हे, पण वाटाड्यांचा धंदा जगभर जेथून पसरला त्यांपैकी ते एक मूळ ठिकाण. १८२० साली डॉक्टर हॅमेल नावाचे गृहस्थ वाटाड्यांना घेऊन निघाले. वाटेत वादळाने अडविले. नवे बर्फ पडले. वाटाड्यांचे मन पुढे जाण्याचे नव्हते. डॉक्टरांचा आग्रह होता. हिमस्खलन झाले आणि तीन वाटाडे भेगेत गाडले गेले. डॉक्टर वाचले. एकेचाळीस वर्षांनी, १८६१ साली, हिमनदीने त्या तिघांचे अवशेष खाली आणून टाकले.

पण गाव एकेचाळीस वर्षे थांबले नाही. पुढच्याच वर्षी, १८२१ साली, वाटाड्यांनी आपली संघटना उभी केली. मृतांच्या आणि जखमींच्या कुटुंबांसाठी मदतनिधी ठेवला. आणि एक नियम केला, पाळीचा. ज्याचा क्रमांक असेल त्याने पुढचे गिऱ्हाईक घ्यावयाचे. हा नियम दिसतो साधा. पण त्याचे मर्म पाहा. पाळी नसेल तर सावध वाटाड्याने 'आज नको' म्हणताच गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते, आणि ज्याच्या घरी चूल पेटलेली नाही तो 'चला' म्हणतो. स्पर्धेत पहिल्यांदा मरते ती सावधगिरी. पाळीमुळे तिला थोडा तरी आधार मिळतो. पुढे १९६५ साली चार देशांच्या वाटाड्यांनी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. खडक, बर्फ आणि स्की या तिन्हींत परीक्षा दिल्यावाचून त्याचा बिल्ला मिळत नाही.

म्हणून तेथे सारे आलबेल आहे असे समजू नका. रेनियरसारख्या राष्ट्रीय उद्यानांत धंद्याचा परवाना कंपन्यांकडे असतो. वाटाडा बहुधा हंगामी नोकर. शिक्षणाचा, साधनांचा खर्च पुष्कळदा त्याच्याच खिशातून, आणि कमाईचा काही भाग गिऱ्हाइकाच्या बक्षिशीवर. वाटाडा बरोबर आहे म्हणून मृत्यू टळतो असेही नाही. २१ जून १९८१ रोजी रेनियरवर बर्फाचा कडा कोसळून अकरा जण गेले. त्यांत वाटाडाही होता. पर्वताला कोणाचा बिल्ला वाचता येत नाही.

हे ध्यानी घेऊन आम्ही त्या मुलाला विचारले, "परत फिरल्यावर त्या वाटाड्याची मजुरी कापली का?"

मुलगा म्हणाला, "नाही. खाली उतरल्यावर मी त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, रोज ठरलेला आहे, शिखर झालं काय, न झालं काय. फक्त बक्षिशी कमी मिळाली. मी दिलीच नाही."

त्याचे वडील कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. इतका वेळ ते काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "त्यानं तुला परत आणलं ना?" मग आमच्याकडे न पाहता उठले आणि काठी टेकीत आत गेले.

भगिनींनो आणि बंधूंनो, ती काठी त्यांच्या हाती कशी आली हे सांगितल्यावाचून आमचे आजचे भाषण खोटे ठरेल.

१९९६ चा जुलै महिना होता. पावसाची झड लागलेली. रात्रपाळी. त्या महिन्याचा बोनस टनावर होता आणि आमची पाळी शंभर-दीडशे किलो मागे होती. शेवटची ओतणी उरली होती. हे गृहस्थ मोल्डर, त्यांनी साच्याच्या खड्ड्यात हात घातला आणि म्हणाले, "तळाला ओल आहे. आज ओतू नका." फौंड्रीतल्या माणसाला ओल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वितळलेले लोखंड पाण्यावर पडले की पाण्याची क्षणात वाफ होते, तिला जागा हजारपटींहून अधिक लागते, आणि ती लोखंडासकट उडते. ज्वालामुखीच्या पोटातही पाणी आणि तप्त रस यांची गाठ पडली म्हणजे हेच होते, हे आम्ही पुढे वाचनालयात वाचले. त्या रात्री ते वाचलेले नव्हते. पण ओल म्हणजे काय ते आम्हांला ठाऊक होते.

फोरमनने आमच्याकडे पाहिले. त्या पाळीचे कामगार प्रतिनिधी आम्ही. आम्ही 'नाही' म्हटले असते तर त्याने ओतले नसते. त्याच्यातही तेवढे धैर्य नव्हते. पंधरा माणसे बोनसची वाट पाहत होती. आम्ही म्हणालो, "वरून भट्टी दाखवून सुकवली आहे. एवढी एक होऊन जाऊ द्या." लोखंड उडाले. दोघांना चटके बसले. या गृहस्थांचा उजवा पाय गुडघ्याखाली जळाला. कंपनीकडून भरपाई मिळविण्यास चार वर्षे लागली. ती आम्हीच लढलो, जिंकलो, आणि सभेत आमचा हार घालून सत्कारही झाला. हार घालणारे हेच गृहस्थ होते. चूक कंपनीची होतीच; खड्ड्यात पाणी झिरपते हे तिला वर्षभर ठाऊक होते. पण त्या रात्री 'थांबा' हा शब्द आमच्या हातात होता आणि आम्ही तो वापरला नाही. हे आम्ही आजवर कोणत्याही सभेत बोललो नव्हतो.

परत फिरण्यास धैर्य लागते असे पुस्तके सांगतात. आमचा अनुभव थोडा निराळा आहे. नुसत्या धैर्यावर सोडले तर दहांतले नऊ जण आमच्यासारखे वागतात. परत फिरण्यास लागते ती व्यवस्था. त्या वाटाड्याचा रोज शिखरावर अवलंबून नव्हता, म्हणून त्याला पायाखालचे बर्फ दिसले. आमचा बोनस टनावर होता, म्हणून आम्हांला ओल दिसली नाही. १९८१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १५५ क्रमांकाच्या करारात लिहून ठेवले की, जिवाला तातडीचा धोका आहे असे सबळ कारणाने वाटून जो कामगार कामावरून बाजूला होईल, त्याला त्याबद्दल भोगावे लागता कामा नये. आपल्याकडेही भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क घातला गेला. म्हणजे १९९६ साली कायदा कागदावर होता. पण बोनसचे पत्रक भिंतीवर होते, आणि माणूस भिंतीवरचे वाचतो.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. जे कारखानदार येथे बसले असतील त्यांनी थांबलेल्या पाळीची मजुरी कापू नये. जे युनियनचे कार्यकर्ते आहेत त्यांनी करार करताना पगारवाढीच्या कलमाबरोबर थांबण्याचे कलम मागावे, आणि ते वापरणाऱ्याच्या पाठीशी उभे राहावे. त्याचे साथी त्याच्यावर चिडलेले असतील तेव्हा अधिकच. आणि आपल्यांपैकी जे तरुण पावसाळ्यात सह्याद्रीतल्या गडांवर जातात, त्यांना सांगणे असे की, वाडीतला वाटाड्या ओढ्याच्या काठी उभा राहून "आज पाणी हाय, पल्याड नगं" म्हणाला, तर मुकाट्याने मागे फिरा आणि ठरलेले पैसे पुरते त्याच्या हातावर ठेवा. त्या दिवशी त्याने तुम्हांला गड दाखविला नाही, पण त्याचे काम त्याने चोख केले आहे.

तो मुलगा परत जाण्यापूर्वी आमच्याकडे येऊन गेला. म्हणाला, त्या वाटाड्याला पत्र लिहून राहिलेली बक्षिशी पाठविली. येत्या मे महिन्यात पुन्हा त्याच्याच बरोबर बेकरवर जाणार आहे. आम्ही विचारले, "आणि पुन्हा परत फिरवलं तर?" तो म्हणाला, "तर फिरेन, काका."

त्याच्या वडिलांना आजच्या भाषणाची कल्पना आम्ही आधी दिली होती. हे सारे बोललो तर चालेल का, असे विचारले होते. ते एवढेच म्हणाले, "बोला. उशीर झालाय, पण बोला." ते आज सभागृहात आहेत.